वाचून दाखवलेलं कबरस्तान

धान कापणीला आलं की माझं पोट बिघडतं. डॉक्टर म्हणतात ॲसिडिटी, नवरा म्हणतो शाळेचं टेन्शन, आणि मी दोघांनाही हो म्हणते. खरं सांगायला बसले तर सकाळचा डबा राहून जाईल. भंडाऱ्याहून पवनीच्या रस्त्यानं स्कूटीवर निघालं की दोन्ही बाजूंना धानाच्या पिवळ्या बांध्या, कापून आडव्या टाकलेल्या कडपा, आणि त्यांचा तो ओलसर गोडूस वास. लोकांना या वासानं भूक लागते. मला मळमळतं. वीस वर्षं झाली याला, आणि यंदाही काही बदल नाही.

ही मळमळ एकाच मोसमाची आहे. त्या वर्षी रमजान धानकापणीत आला होता. रमजान एका जागी बसत नाही. चंद्राचं वर्ष आपल्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून दरवर्षी तो तेवढा अलीकडं सरकतो. कापणीतून तो हळूहळू पावसाळ्यात गेला, मग भर उन्हाळ्यात, आता उन्हाळ्याच्याही अलीकडं आलाय. पुन्हा धान पिकलेलं असताना तो यायला अजून बरीच वर्षं लागतील. त्यामुळं माझ्याकडं तो मोसम दरवर्षी अर्धाच येतो. नुसतं धान येतं. उरलेला अर्धा मी आठवून आठवून स्वतःच पुरा करते, कोणी सांगितलेलं नसताना.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. माझे वडील जवाहरनगरच्या फॅक्टरीत, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलेलो. मला शिक्षणसेवकाची ऑर्डर आली तेव्हा ते म्हणाले, "जिल्हा अर्धा झाला, नोकऱ्याही अर्ध्याच राहिल्या. भेटली ते धरून ठेव." तीन वर्षं शिक्षणसेवक, मग कायम. त्या तीन वर्षांत एक तक्रार वर गेली की संपलं, असं आम्हा सगळ्या नव्या पोरींच्या डोक्यात पक्कं बसलेलं. माझ्या तर जरा जास्तच.

गाव पवनी तालुक्यातलं, वैनगंगेच्या काठचं. नाव लिहीत नाही. तसंही ते आता पाण्याखाली आहे. खाली नदीवर धरण बांधून होत होतं आणि गाव उठणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी लोक धान रोवत होते, भिंती सारवत होते, पोरींची लग्नं जमवत होते. मला तेव्हा त्याचं फार नवल वाटायचं. उठायचंच आहे तर सारवता कायले, असं मी एकदा बोलूनही दाखवलं होतं. चोवीस-पंचवीस वर्षांची होते, तोंडाला लगाम नव्हता.

खोली मिळाली ती हलीमाबीच्या घरात. हलीमाबी म्हणजे गावची चुडीवाली. पंधरा गावं डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन फिरायची. नवरा उस्मानभाई कधीचा वारलेला. एकच मुलगी झाली होती, रुख्साना, ती सात वर्षांची असताना तापानं गेली. एक पुतण्या, सलीम, नागपूरला जळालेल्या मोटारी तारेनं भरायचं काम शिकत होता. गावात मुसलमानांची घरं पाच, मशीद नाही; पुरुषमाणसं शुक्रवारी सायकली काढून पवनीला जायची. सगळं गाव तिला हलीमाबी म्हणायचं, मी खाला म्हणू लागले. ती मला कधी बेटी म्हणायची, कधी मास्तरीण; रागावली की नुसतं "ओ मॅडम".

आमचं घर बौद्ध. भिंतीवर बुद्धाची तसबीर, देव म्हणून काही नाही, आणि देव नसण्याचा वडिलांना मोठा अभिमान. तो अभिमान मी बॅगेत कपड्यांबरोबरच भरून आणला होता. पहिल्याच आठवड्यात मी खालाला विचारलं, "तुमच्यात देव किती?"

"एक."

"आमच्यात एकही नाही. म्हणजे फक्त एकाचा फरक."

खाला भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तो फरक लहान नाई बेटी. पण बस, भाकर खा."

पुस्तकात वाचलं असतं तर माझ्या कधीच डोक्यात शिरलं नसतं असं बरंच काही त्या चुलीपुढं शिरलं. अल्लाह एक, त्याला आई नाही, बाप नाही, मूल नाही, त्याच्या बरोबरीचं कोणी नाही, आणि त्याचं चित्र काढता येत नाही. मला वाटायचं मुसलमान पैगंबरांची पूजा करतात. हे ऐकून खालानं कपाळावर हात मारला. "अवं, ते माणूसच होते. जेवत होते, आजारी पडत होते, मेले. निरोप घेऊन आले होते. निरोप्याची पूजा करते का कोणी?" असे निरोपे फार झाले, म्हणाली, आदम, नूह, इब्राहिम, मूसा, ईसा, आणि मोहम्मद पैगंबर शेवटचे. सगळ्याच लोकांकडं कोणी ना कोणी आलाच. मी डिवचलं, "मग आमचे बुद्ध पण त्यातले का?" खोटं बोलायचं नाही आणि मला दुखवायचंही नाही, अशी तिची पंचाईत झाली होती. मग म्हणाली, "सगळ्यांची नावं आमाले कुठं सांगितली? जे मले माहीत नाई त्याले मी नाई कशी म्हणू?" वडिलांना हे फोनवर सांगितलं तर ते खूश झाले की नाराज, शेवटपर्यंत कळलं नाही.

नमाज संपता संपता खाला मान आधी उजवीकडं वळवायची, मग डावीकडं. मला वाटायचं टोपलीनं मान आखडली असेल. विचारलं तर म्हणाली, सलाम करते. आणि दोन्ही खांद्यांवर फरिश्ते असतात. उजवीकडचा आपलं चांगलं लिहितो, डावीकडचा वाईट.

"म्हणजे दोन बाबू," मी म्हटलं.

"बाबू चुकते. फरिश्ता चुकत नाई." मग हळू आवाजात, कुणाची तरी चुगली करावी तसं, "पण डावीकडचा लगेच लिवत नाई, मास्तरीण. थांबते. माणूस पस्तावन, सुधारन, म्हणून वाट पायते. माही माय सांगे."

मला हे फार आवडलं होतं. थांबणारा बाबू. मी ते वहीत लिहूनही ठेवलं होतं.

कार्तिकातले ते दिवस अजून अंगावर येतात. रमजान लागला आणि खालानं पवनीच्या मशिदीतून आणलेला वेळांचा छापील कागद माझ्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं. सूर्य मावळायची वेळ रोज मिनिट-अर्धा मिनिट अलीकडं येते. रोजा कितीला सोडायचा ते मी कागद आणि घड्याळ बघून सांगायचं, असं ठरलं. दिवसभर ती उन्हात धानाच्या बांध्यांमधून हिंडायची. कापणीला हातातली काचेची काकणं फुटतात, आणि कापणी झाली की बायांकडं धान असतं, म्हणून चुडीवालीचा हाच मोसम. काकणं भरायची, सुपानं धान घ्यायचं. पाण्याचा थेंब नाही. संध्याकाळी ती दारात बसायची, ओठ सुकून पांढरे झालेले, समोर भिजवलेले चणे, दोन खजूर, लोटाभर पाणी. गावभर धानाच्या तणसाचा धूळकट वास. मी हातात घड्याळ धरून उभी.

"भूक लागली का खाला?"

"भूक नाई लागत. पान लागते," ती म्हणायची. पानाची भलती शौकीन होती.

चार-पाच मिनिटं राहिली की माझा जीव कासावीस व्हायचा. वाटायचं, सांगून टाकावं झालं म्हणून, हिला कुठं कळणार आहे. पण नाही सांगितलं. एक मिनिटही कधी अलीकडं सांगितलं नाही. ती म्हणायची, रोजा पोटाचा नसतो, निय्यतचा असतो. मनात काय धरलं ते अल्लाह बघतो. मी मनात घड्याळ धरलं होतं आणि ते मी इमानदारीनं पाळलं. हे मी आज का सांगते आहे? कारण मी मुळात खोटारडी नव्हते, हे कोणाला तरी सांगावंसं वाटतं.

मोजणी त्याच रमजानात लागली. पाण्याखाली जाणाऱ्या गावात काय काय आहे त्याची यादी करायची होती, आणि यादी म्हटलं की मास्तर धरायचे ही आपल्याकडची जुनीच रीत. एक बाबू आले होते, ते टेप धरायचे आणि मी लिहायची. घर, गोठा, विहीर, झाड, देऊळ, समाधी, इतर बांधकाम. प्रत्येकाला रकाना. दोन दिवसांत माझी बोटं आखडली.

शुक्रवारी दुपारी आम्ही नाल्यापलीकडच्या तुकड्यावर पोचलो. गावची माहिती सांगायला बरोबर दिलेला कोतवाल तासाभरासाठी म्हणून आपल्या धानात गेला होता तो गेलाच. गाव ओस, सगळे बांध्यांत. पाच घरांतले पुरुष जुम्म्याच्या नमाजला पवनीला. समोर कमरेइतकं गवत, चार-दोन बोरी, एक पळस. दगड नाही, भिंत नाही, चुन्याचं बोट नाही. बाबूंनी कपाळाचा घाम पुसत विचारलं, "इथं काही आहे का, मॅडम?"

मी पाहिलं. त्याच रस्त्याच्या कडेला खालाला टोपली उतरवून उभं राहिलेलं मी तीनदा तरी पाहिलं होतं. वाटायचं दम खात असेल. तिचे ओठ हलायचे तेही पाहिलं होतं.

"काही नाही," मी म्हटलं, आणि लिहिलं: पडीक. बांधकाम निरंक.

त्यात लबाडी नव्हती. माणसाला पुरलं तर वर काहीतरी बांधतात, एवढंच मला माहीत. तिथं काही बांधलेलं नव्हतं, म्हणून तिथं काही नव्हतं. इतकी साधी चूक.

चार-पाच दिवसांनी रोजा सोडताना खालानं खजुराची बी हातात काढून ठेवली आणि विचारलं, "बेटी, कागदात आमचं कबरस्तान लिवलं ना तुमी?"

"कुठलं कबरस्तान?"

"अवं, नाल्यापलीकडं. पळसापाशी. तिथंच त माही रुख्साना आहे. तिचा बाप आहे."

माझ्या हातातला चण्याचा वाटा तसाच राहिला. मी म्हटलं, पण तिथं कबरी दिसत नाहीत. खाला हसली. मग मला तिनं समजावलं, शाळेतल्या पोराला समजावावं तसं. कबर कच्चीच ठेवतात त्यांच्यात. मातीचा माणूस मातीत. वर सिमेंट नाही, संगमरवर नाही. पावसानं उंचवटा बसला तर बसू द्यायचा. राजा असो की चुडीवाली. तिथं माणूस वाट बघतो. एक दिवस सगळं जग संपेल आणि सगळे उठतील, प्रत्येकाला आपला आपला हिशेब द्यावा लागेल, त्या दिवसावर विश्वास ठेवल्याशिवाय मुसलमान मुसलमान होत नाही. "मी आत जात नाई," ती म्हणाली. "आमच्या गावात बाया कबरस्तानात जात नाईत. रस्त्यावरूनच त्यांच्यासाठी फातिहाची दुआ वाचते न् पुढं जाते."

"पाण्याखाली गेल्यावर मग?" मी विचारलं.

"ज्यानं काहीच नसताना माणूस बनवला, त्याले पाण्यातून उठवाले काय जड आहे? रुख्सानाची मले फिकर नाई. फिकर माही आहे. कागदात कबरस्तान असन त नव्या गावात कबरस्तानाले जागा देतीन. नाई त मले कुठं ठेवतीन?" आणि मग पुन्हा, "लिवलं ना?"

"हो," मी म्हटलं. "लिहिलं असेल. बघते."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बाबूंना गाठलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, उलट मायेनंच बोलले. यादी वर गेलीये, म्हणाले. ती लागली की हरकती घ्यायला मुदत असते, तेव्हा दुरुस्ती होते. पण त्यासाठी ज्यानं लिहिलं त्यानं लिहून द्यायचं, की जागेवर जाऊन न तपासता नोंद केली. "तुम्ही शिक्षणसेवक ना, मॅडम? बघा बा. गावातल्या कोणी हरकत घेतली त ठीक, तुमचं नाव कायले?" वडिलांना फोन केला. ते घाबरले, आणि घाबरले की ते ओरडत. "कागदावर आपल्या हातानं आपली चूक लिहायची? पागल झाली का तू? घेतील गावचे लोक हरकत, तू चूप बस!"

मी ठरवलं की गावचे लोक हरकत घेतील. किती सोयीचं होतं ते! यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली, भर कापणीत. लोकांना मान वर करायला फुरसत नव्हती. थोडे जण येऊन आपापलं घर, आपापली झाडं शोधून गेले. मी रोज त्या भिंतीवरून शाळेत जायची आणि कोणीतरी त्या ओळीपाशी बोट ठेवेल म्हणून वाट बघायची.

एका दुपारी खालाच आली. टोपली डोक्यावर, पदरानं तोंड पुसत. शाळेच्या सुट्टीत मला हाताला धरून भिंतीपाशी घेऊन गेली.

"वाच बेटी. आमच्या पाचही घरचे विचारून राहिले. म्हटलं मास्तरीण घरचीच आहे, तीच वाचून सांगते."

मी वाचू लागले. हलीमाबी उस्मान, घर एक, मातीचं. गोठा एक. तिचा चेहरा उजळला. पुढं वाचलं. विहीर. आंबा. देऊळ. समाज मंदिर. बोट खाली सरकत गेलं आणि नाल्यापलीकडच्या गटावर येऊन थांबलं. पडीक, निरंक. माझं अक्षर नव्हतं, टाइप केलेलं होतं, तरी मला ते माझंच दिसत होतं. बाजूला खाला, तिच्या अंगाला काचेचा आणि उन्हाचा वास. नुसतं म्हणायचं होतं, खाला, इथं चूक झाली आहे, माझ्याकडनं झाली आहे. तिनं अंगठा देऊन एक हरकत टाकली असती तर झालं असतं. मुदतीचे सहा-सात दिवस बाकी होते. माझ्या डाव्या खांद्यावरचा तो अजून थांबला होता.

आणि मी वाचलं, "कबरस्तान, एक."

का? इतकी वर्षं मी स्वतःला हेच विचारते. गप्प बसले असते तरी चाललं असतं. "सापडत नाही" म्हटलं असतं तरी पाचजणांनी शोधाशोध केली असती. पण तिचा चेहरा तसा माझ्याकडं लागलेला, आणि चूक कबूल करायची म्हणजे नोकरी, आणि नोकरी म्हणजे वडिलांचा ओरडणारा आवाज. त्या सगळ्याच्या मधून जे शब्द सर्वांत सोपे होते ते तोंडातून निघून गेले. खालानं दोन्ही हात वर करून चेहऱ्यावरून फिरवले. म्हणाली, शुकर आहे. संध्याकाळपर्यंत तिनं पाचही घरी सांगितलं. त्यानंतर त्या भिंतीकडं त्यांच्यातलं कोणी फिरकलं नाही.

मुदत संपली तो दिवस साधा होता. धानाची पुंजणी रचून झाली होती, पोरं तणसावर उड्या मारत होती. मी फळ्यावर पाढे लिहीत होते.

मग ईद आली. नमाजच्या आधी गरिबाच्या घरी धान्य पोचलं पाहिजे, हा त्यांच्यातला नियम. खालानं काकणांचं म्हणून मिळालेल्या धानातलं मोजून दोन घरी पोचवलं आणि मगच शिरखुर्मा ढवळायला घेतला. पहिली वाटी मला. मी दोन वाट्या खाल्ल्या. गोड लागला, हेच वाईट वाटतं. जूनमध्ये बदली झाली, लाखनीच्या बाजूला. एस.टी.त बॅग चढवताना खाला म्हणाली, "बेटी, कहा-सुना माफ कर."

मी म्हटलं, तुम्ही कशाची माफी मागता?

"मागून ठेवते. माणूस जाते त मागाले पायजे. अल्लाहचं जे चुकलं ते अल्लाह माफ करते. नमाज राहिली, रोजा राहिला, तो मालक आहे, करते माफ. पण माणसाचं चुकलं असन त ते अल्लाह माफ करत नाई. ज्याचं चुकलं त्यानंच करावं लागते. नाई केलं, त त्या दिवशी तोच माणूस हात धरून अडवते." मग ओशाळून म्हणाली, "तुया खोलीतलं पाणी गळत होतं पावसात. मी कौलं फेरते फेरते म्हटलं न् फेरलीच नाई."

कौलांची माफी मागत होती ती माझी. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, "माफ केलं, खाला." ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. आता माझी पाळी आहे, मीही म्हणेन, म्हणून. मी पायरीवर चढले.

त्यानंतर भेटायला गेले नाही. वर्षभरात कायम झाले, लग्न झालं, मुलं झाली, भंडाऱ्यात घर झालं. गाव उठलं, नवीन गावठाण झालं, पाणी भरलं. एकदा कामानिमित्त त्या गावठाणावरून गेले तेव्हा जीपमधून उतरले नाही. सरळ रस्ते, देऊळ, विहार, शाळा, पाण्याची टाकी दिसली. आणखी काही दिसतंय का, ते मी बघितलंच नाही.

यंदा, याच महिन्यात, घरच्या पाण्याची मोटार जळाली. कोणीतरी सांगितलं, वरठीच्या रस्त्याला एक चांगला कारागीर आहे. दुकानात तांब्याच्या तारांचे गुंडाळे, वॉर्निशचा वास. पांढरी होत आलेली दाढी, चष्मा. त्यानं माझ्याकडं निरखून पाहिलं आणि उभाच राहिला.

"मास्तरीण बाई ना तुम्ही? हलीमा खालाच्या घरी राहायच्या? मी सलीम."

खाला जाऊन सात वर्षं झाली होती. मला माहीत नव्हतं, कारण मी माहीत करून घेतलं नव्हतं. सलीमनं खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला, आणि मी न विचारताच सांगू लागला. नव्या गावात कबरस्तान मिळालं नाही. अर्ज केले, चकरा मारल्या. यादीत नाही, मुदतीत हरकत नाही, एवढंच उत्तर. जून महिन्यात गेली खाला. टेम्पोत घालून पवनीला नेलं, वर ताडपत्री धरून. तिथल्या लोकांनी जागा दिली, भले लोक, पण तिला शेवटपर्यंत दुसऱ्याच्या घरी जाऊन निजायचं आहे असंच वाटत होतं.

"लय भांडली बाई ती," सलीम म्हणाला. "सायबाच्या तोंडावर म्हणे, कागदात होतं. आमच्या मास्तरीणनं सोता वाचून दाखवलं होतं. मधातच कोनं तरी काढून टाकलं. आम्ही म्हणो, खाला, मास्तरीण चुकली असन. त आमच्यावरच उखडे. म्हणे, तिनं रोज्याच्या टायमात कधी एक मिनिट इकडचं तिकडं केलं नाई, ते माहं लेकरू खोटं वाचन का?"

चहा आला. मी कप हातात घेतला आणि खाली ठेवला. मग सगळं सांगितलं. पडीक, निरंक, बाबू, वडील, भिंत, आणि ते दोन शब्द. वीस वर्षांत नवऱ्याला सांगितलं नव्हतं, ते एका मोटारवाल्याच्या दुकानात, कामावरचा माणूस ऐकत असताना सांगितलं. रडले नाही. रडायचा हक्क आहे असं वाटलं नाही.

सलीम हातातली तार सरळ करत बसला. त्याचा चेहरा मला वाचता आला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मला माफ करा," मी म्हटलं.

"मी कसा करू?" तो हळूच म्हणाला. "माहं काय चुकवलं तुम्ही? चुकवलं ते तिचं. तिचं मी कसं माफ करू बाई? मले हकच नाई."

"मग मी काय करू आता?"

"दुआ करा तिच्यासाठी. तिच्या नावानं कोण्या गरिबाले काही द्या. बाकी मग त्या दिवशी, जे होईन ते."

"दुआ कोणाकडं करू, सलीमभाई? आमच्याकडं कोणी नाही."

त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ पाहिलं. "तुम्ही तो दिवस मानता का? कयामत?"

"नाही."

"मग कायचं भेव वाटते तुम्हाले?"

"भेव नाही वाटत," मी म्हटलं. "तो दिवस खरा असावा असं वाटतं. तिनं माझा हात धरून मला अडवावं असं वाटतं. दुसरीकडं कुठं मला आता खाला भेटणार आहे?"